‘डेअर फेर्ने क्लांग’मध्ये चाल सापडत नाही, तर कान कुठे लावायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाट्यसंगीत ऐकत वाढलात, गेल्या काही वर्षांत मोझार्ट आणि व्हेर्दीची गोडी लागली, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून ऑस्ट्रियन संगीतकार फ्रांझ श्रेकरचा ‘डेअर फेर्ने क्लांग’ हा ऑपेरा व्हिडिओवर लावलात. पहिल्या अंकात लक्षात राहील असं एकही पद मिळालं नाही. दुसऱ्या अंकात पाच-सहा जण एकदम बोलायला-गायला लागले, मागून दोन वेगळे बँड, वर सबटायटल्सची धावाधाव. तो अंक वीस मिनिटांत वैतागून बंद केलात. आता तुम्ही विचारताय की यात चाल आहे कुठे, नसली तर लोक हा ऑपेरा विसरले यात नवल काय, आणि पुन्हा अडीच तास घालवण्यात अर्थ आहे का.

मी जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या ऑपेरागृहात कोरेपेटिटर आहे. म्हणजे गायकांच्या तालमीत सगळा ऑर्केस्ट्रा एकट्याने पियानोवर वाजवायचा, त्यांच्याकडून भूमिका पाठ करून घ्यायच्या, आणि प्रयोगाच्या रात्री विंगेत उभं राहून पडद्यामागच्या वादकांना इशारे द्यायचे. या ऑपेरावर मी एक अख्खा हंगाम काढलाय. तेव्हा माझं उत्तर समीक्षकाचं नाही, तालमीतल्या माणसाचं आहे. आणि आधीच कबूल करतो, पहिल्या वाचनात मीही तुमच्यासारखाच वैतागलो होतो.

माझ्या मते तुमची अडचण चालीची नाहीच. तुम्ही कान गाणाऱ्या माणसाच्या तोंडाशी लावून बसलात. व्हेर्दीमध्ये ते बरोबर आहे, नाट्यपदात तर दुसरं काही करायची गरजच नसते. ऑर्गन आणि तबला गायकाच्या मागे चालतात, आणि आपण गायकाच्या मागे. श्रेकर मात्र तुम्हाला सतत विचारतो, हा आवाज येतोय कुठून? किती लांबून? कोण वाजवतंय ते ओळखता येतंय का? संगीत काय आहे याच्याइतकंच ते कुठे आहे, हे इथे महत्त्वाचं. नावातच ते आहे. ‘डेअर फेर्ने क्लांग’ म्हणजे दूरचा ध्वनी. मी ‘दूरचा नाद’ म्हणतो, कारण मराठीत नाद लागतो, माणूस नादी लागतो, आणि या ऑपेराच्या नायकाचं नेमकं तेच होतं.

तुम्ही अर्ध्यातच थांबलात, म्हणून कथा सांगतो. लहान गावातला तरुण संगीतकार फ्रिट्झ. त्याला कुठून तरी एक ध्वनी ऐकू येतो, वाऱ्याने अदृश्य हाताने वीणेच्या तारांवरून बोटं फिरवावीत तसा. तो सापडल्याशिवाय, त्यातून मोठी कलाकृती केल्याशिवाय लग्न नाही, असं प्रेयसी ग्रेटेला सांगून तो निघून जातो. ग्रेटेचा बाप दारुडा. खानावळीत खेळताना तो मुलीलाच पणाला लावून हरतो आणि खानावळवाला तिला मागायला घरी येतो. ती खिडकीतून पळते, जंगलात पोचते, तळ्याकाठी जीव द्यायच्या बेतात असते. चांदण्यातल्या त्या तळ्याने तिचं मन वळतं, आणि तिथेच एक म्हातारी कुंटीण तिला गाठते. दहा वर्षांनंतर व्हेनिसजवळच्या एका बेटावरच्या रंगमहालात ती सगळ्यांना हवी असलेली गणिका झालेली असते. फ्रिट्झ तिथे येतो, तिला ओळखतो, प्रेमाची कबुली देतो आणि ती कोण आहे हे कळताच झिडकारून निघून जातो. आणखी पाच वर्षांनी ती रस्त्यावर आलेली आहे, आणि त्याच शहरात फ्रिट्झच्या ‘वीणा’ नावाच्या ऑपेराचा पहिला प्रयोग शेवटच्या अंकात कोसळतो. अगदी अखेरीस ती त्याच्या खोलीत येते, त्याला तो ध्वनी पुन्हा ऐकू येतो, शेवटचा अंक कसा लिहायला हवा होता ते उमगतं, आणि तिच्या मिठीत तो मरतो.

संहिताही श्रेकरचीच. योगायोगांची रेलचेल आहे, आणि फ्रिट्झ हा नायक म्हणून मला कधीच आवडला नाही. आपल्या कलेच्या नावाखाली दोनदा तिला टाकून जाणारा माणूस. पण नीट बघा, श्रेकरलाही तो फारसा आवडत नसावा. फ्रिट्झ सुरुवातीला दिसतो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी येतो, मग थेट अखेरच्या प्रवेशात. मधला सगळा वेळ ग्रेटेचा. नाद शोधणारा तो, पण आपण ऐकतो ते तिच्या कानांनी. तालमीत ही गोष्ट पटकन कळते: टेनर, म्हणजे फ्रिट्झ गाणारा, आठवड्यातून दोनदा येतो, सोप्रानो, म्हणजे ग्रेटे गाणारी, रोज.

आता त्या दूरच्या नादाकडे. मी मिरजेचा. आमचं घर सतारमेकरांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी लावताना बघणं हा सुट्टीतला उद्योग होता. कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, छेडून बघतो, पुन्हा घासतो. आणि एका क्षणी, तार षड्जाची असताना, कोणीही न छेडलेला गंधार खोलीत उभा राहतो. स्वयंभू गंधार. शास्त्र सोपं आहे. खर्जाच्या तारेतला पाचवा उपस्वर जवारीमुळे मोठा होऊन ऐकू येतो. पण लहानपणी मला तो कोपऱ्यातून येतोय असं वाटायचं आणि मी वळून बघायचो.

श्रेकर ऑर्केस्ट्राकडून तसंच काहीतरी करवून घेतो, फक्त उलट्या दिशेने. तिथे एका तारेतून न छेडलेला स्वर निघतो. इथे खूप वाद्यं मिळून असा आवाज तयार होतो की कोणतं वाद्य वाजतंय ते सांगता येऊ नये. हार्पचे वर जाणारे स्वर, त्यांच्या पाठीवर चेलेस्टा, म्हणजे घंटीसारखा वाजणारा छोटा पियानोच जणू, तंतुवाद्यांचे अनेक भाग करून त्यांना आवाज दबवणारे म्यूट लावलेले, एखादं बासरीचं टोक. प्रत्येक थर इतका पातळ की एकटा ऐकलात तर काहीच नाही. एकत्र ऐकलं की कान पत्ता शोधायला लागतो आणि पत्ता सापडत नाही. हीच त्याची कारागिरी, आणि याच कारणासाठी त्या काळात लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. चाल गुणगुणता येते, हा आवाज गुणगुणता येत नाही. म्हणून तुम्हाला वाटलं की हाती काहीच लागलं नाही.

हे मी किती उशिरा शिकलो ते सांगतो. आम्ही तालमीत जी पियानोची प्रत वापरतो ती आल्बान बेर्गने केलेली आहे. होय, तोच, पुढे ‘वोत्सेक’ हा ऑपेरा लिहिणारा. 1911 मध्ये, पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या बेर्गने हे काम अंगावर घेतलं. वाजवायला महाकठीण, कारण ऑर्केस्ट्रातलं काहीच सोडायला त्याचं मन धजावलेलं नाही. मी तरुण होतो, सगळं वाजवून दाखवायची खुमखुमी. दोन महिने घरी घासून तालमीला गेलो आणि दुसऱ्या अंकात धडाधड सगळे थर वाजवले. ग्रेटेचं काम करणारी गायिका थांबली आणि म्हणाली, तू सगळं वाजवतोयस त्यामुळे मला काहीच ऐकू येत नाहीये. त्या दिवसापासून मी प्रत्येक पानावर पेन्सिलीने काय सोडायचं ते लिहायला लागलो. कोणता थर आत्ता जवळ आहे, कोणता लांब. जवळचा वाजवायचा, लांबचा नुसता सुचवायचा. तुम्हाला ऐकताना नेमकं हेच करायचंय, आणि तुम्हाला बोटंही दुखवून घ्यायची नाहीत.

तुम्ही ज्या दुसऱ्या अंकात हरवलात, त्याची रचना आता बघा. बेटावरचा रंगमहाल, रात्र. खाली पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, मुख्य ऑर्केस्ट्रा. रंगमंचावर एका बाजूला हंगेरियन जिप्सी बँड, त्यात चिंबालोम, म्हणजे आपल्या संतूरच्या जातीचं, काठ्यांनी वाजवायचं तंतुवाद्य. दुसरीकडून व्हेनिसची गाणी-बजावणी, मँडोलिन आणि गिटार. पाण्यावरून, होडीतून येणारे आवाज. या सगळ्याच्या मध्ये मुली, गिऱ्हाइकं, हसणं, अर्धवट वाक्यं, थोडं गाऊन, थोडं नुसतं बोलून. हे सगळं एका वेळी ऐकू यावं अशी अपेक्षा श्रेकरचीही नाही. जत्रेत शिरल्यावर आपण एकेका दुकानदाराचं वाक्य पूर्ण ऐकतो का? पाळण्याची कुरकुर, पिपाणी, लाउडस्पीकर, कोणाची तरी हाक. कान एकाला पकडतो, सोडतो, दुसऱ्याला पकडतो. दुसऱ्या अंकाची पहिली पंधरा मिनिटं म्हणजे ही जत्रा आहे. तेवढा वेळ सबटायटल्स सरळ बंद ठेवा. त्या वाक्यांमधून कथेचं काहीही निसटत नाही. उलट वाचत राहिलात तर ज्या वेळात ऐकायचं तो वेळ वाचण्यात जातो.

मग ती जत्रा हळूहळू एका ठिकाणी गोळा होते. ग्रेटे उदास आहे, ती जाहीर करते की जो आपल्या गाण्याने मनाला सर्वांत जास्त हात घालेल त्याची मी. इथे गाण्याची चढाओढ लागते, आणि इथे, बरं का, तुम्हाला हवी असलेली पदं मिळतात! एक काउंट फिकट चेहऱ्याच्या राजाची आणि त्याच्या जळत्या मुकुटाची गोष्ट गातो: गंभीर, बॅरिटोनच्या म्हणजे भारदस्त पुरुषी आवाजातली, सरळ सुरू होऊन सरळ संपणारी. त्यानंतर एक शेव्हालिए (हीही सरदारी पदवीच) सोरेन्तोच्या फुलवालीचं खट्याळ गाणं म्हणतो आणि अख्खा महाल त्यात सूर मिसळतो. म्हणजे श्रेकरला चाल बांधता येत नव्हती असं अजिबात नाही. तो ती राखून ठेवतो, आणि जिथे पात्रं खरोखरच गाणं म्हणायला उभी राहतात तिथेच देतो. या दोन गाण्यांमधला फरक ऐकलात तर पुढे फ्रिट्झ येतो तेव्हा काय बदलतं ते आपोआप कळेल. तो गाणं म्हणत नाही. आपली कहाणी सांगतो. आणि चढाओढ तोच जिंकतो.

एक गंमत सांगायला हवी, कारण ही बाब व्हिडिओत बिलकूल दिसत नाही. लांबून येणारं संगीत लांबून वाजवावंच लागतं. आमच्याकडे व्हेनिसवाले वादक रंगमंचामागच्या बोळात बसायचे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपासून पंचवीस मीटरवर. आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटरच्या आसपास धरला तर तो पोचायला सात शतांश सेकंद लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अर्ध्या सेकंदाची मात्रा असेल तर चौगुनीतला एक बोल साडेबारा शतांश सेकंदाचा. म्हणजे निम्म्याहून जास्त बोल उशीर. म्हणून विंगेतल्या माणसाने, म्हणजे मी, मॉनिटरवर कंडक्टरचा हात बघायचा आणि वादकांना त्याच्या किंचित आधी इशारा द्यायचा. कानाला चूक वाटतं, हाताला चूक वाटतं, प्रेक्षागृहात बरोबर पोचतं. एका प्रयोगाला मीच वाऱ्याचा झोत नको म्हणून बोळाचं जाड दार ढकललं. आम्ही आत मन लावून वाजवतोय, आणि बाहेर व्हेनिस गायब. मध्यांतरात कंडक्टर एवढंच म्हणाला, “आजचा नाद फारच दूरचा होता.”

तेव्हा तुम्ही ऐकताय कशावर, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे, आणि इथे मी छातीठोक सांगू शकत नाही. प्रत्यक्ष नाट्यगृहात ही अंतरं अंगावर येतात. व्हिडिओसाठी माइक बहुधा गायकांच्या जवळ असतात, त्यामुळे लांबचं जवळ येतं आणि सगळं एका पातळीवर सपाट होतं. तुमचा वैताग निम्मा तरी त्या सपाटपणाचा असणार. दिग्दर्शकाने बँडवाल्यांना पिटमध्येच बसवलं असेल तर आणखी पंचाईत. फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर माझा वरचा सगळा खटाटोप वाया. हेडफोन लावा. आणि पहिल्यांदा चित्र नको, नुसता आवाज घ्या. गेर्ड आल्ब्रेख्त या कंडक्टरने 1990 च्या सुमारास बर्लिनच्या रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण मला थर वेगळे ऐकू येण्यासाठी सर्वांत सोयीचं वाटतं. फ्रँकफर्टच्या ऑपेराचं सेबास्टियान वाइगलेच्या हाताखालचं 2019 मधलं मुद्रण जास्त जिवंत आहे, प्रयोगाची ऊब त्यात आहे. ते दुसऱ्यांदा ऐकायला ठेवा.

क्रमही मी बदलायला सांगेन. सुरुवातीपासून लावू नका. पहिला अंक घरगुती, बोलण्याबोलण्यातला आहे, आणि खरं सांगायचं तर बाप आणि खानावळवाल्याचा भाग मलाही लांबलेला वाटतो. आधी तिसऱ्या अंकातल्या दोन प्रवेशांच्या मधलं ऑर्केस्ट्राचं संगीत ऐका. ‘नाख्टश्टुक’, म्हणजे रात्रसंगीत, या नावाने ते वेगळंही वाजवलं जातं; पाव तासाच्या आसपास. गायक नाही, शब्द नाहीत, त्यामुळे तोंडाला चिकटायची सोयच नाही. ऑपेरा रंगमंचावर यायच्या तीन वर्षं आधी, 1909 मध्ये, व्हिएन्नात ते मैफलीत वाजलं होतं. दिवे मालवून ऐका आणि फक्त एकच गोष्ट बघा: मोठा आवाज ओसरल्यावर जे उरतं ते कोणत्या वाद्याचं आहे ते सांगता येतंय का. बहुतेक वेळा येणार नाही. मग पहिल्या अंकातला तळ्याकाठचा प्रवेश घ्या. ग्रेटे एकटी, चांदणं, आणि माणसाऐवजी निसर्ग तिची समजूत घालतोय. श्रेकरचा हात तिथे सर्वांत हलका आहे. मग दुसरा अंक पूर्ण, सबटायटल्सबद्दल वर सांगितलंय तसं. आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक जागा चुकवू नका. ‘वीणा’चा पहिला प्रयोग चाललाय, पण आपण नाट्यगृहाच्या आत नाही, शेजारच्या कॉफीच्या बागेत आहोत. आत काय घडलं ते बाहेर येणाऱ्या लोकांच्या तोंडून कळतं. फ्रिट्झची कलाकृती, जिच्यापायी दोन आयुष्यांची राख झाली, ती आपल्याला दाखवलीच जात नाही. तिच्याबद्दल नुसतं ऐकायला मिळतं, लांबून. मुरलेल्या नाटककाराला शोभेल असा कल्पक डाव आहे हा, आणि संगीतकाराला तो सुचावा याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता तुमचा खोचक प्रश्न: विसरले यात नवल काय? नवल आहे. ‘डेअर फेर्ने क्लांग’चा पहिला प्रयोग 18 ऑगस्ट 1912 ला फ्रँकफर्टला झाला, लुडविग रोटेनबेर्गच्या संचालनाखाली, आणि नायकाच्या ‘वीणे’सारखा तो कोसळला नाही, चौतीस वर्षांचा श्रेकर एका रात्रीत नावारूपाला आला. फोटोग्राफर बापाचा, मोनॅकोत जन्मलेला, बाप लवकर गेल्यावर व्हिएन्नात ओढगस्तीत वाढलेला मुलगा. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात संगीतकार शोएनबर्गच्या ‘गुरे-लीडर’ या अवाढव्य गायनकृतीचा पहिला प्रयोग त्यानेच आपल्या गायकवृंदाला घेऊन संचालित केला. 1918 मध्ये ‘डी गेत्साईख्नेटन’, 1920 मध्ये ‘डेअर शात्सग्रेबर’, हे त्याचे पुढचे दोन्ही ऑपेरा फ्रँकफर्टलाच. यातला दुसरा पाचेक वर्षांत जर्मन भाषेच्या मुलखात तीनशेहून जास्त वेळा झाला. जिवंत ऑपेराकारांत रिखार्ड श्ट्राउसच्या बरोबरीने त्याचं नाव घेत. 1920 मध्ये बर्लिनच्या संगीत महाविद्यालयाचा तो प्रमुख झाला.

उतरण लागली ती दोन कारणांनी, आणि ती एकमेकांत मिसळायला नकोत. पहिलं रुचीचं. विशीच्या दशकाच्या मध्यावर लोकांना हे अत्तरासारखं दाट संगीत नकोसं झालं, कोरडं, चटपटीत, जॅझची झाक असलेलं हवं झालं. 1927 मध्ये लाइपझिगला गाजलेला तशा धाटणीचा ऑपेरा ‘जॉनी श्पील्ट आउफ’ एर्न्स्ट क्रेनेकचा, आणि क्रेनेक श्रेकरचाच शिष्य. असं होतं, ते कुणाच्या हातात नसतं. दुसरं कारण मात्र माणसांनी ठरवून केलेलं. श्रेकरचे वडील ज्यू होते. 1932 मध्ये बर्लिनमध्ये त्याच्या ‘डेअर श्मीट फोन गेंट’च्या वेळी नाझींनी दंगा केला, त्याच वर्षी त्याला महाविद्यालयाचं प्रमुखपद सोडावं लागलं, आणि 1933 मध्ये प्रशियाच्या कला अकादमीतलं अध्यापनही काढून घेतलं गेलं. फ्रायबुर्गला ठरलेला त्याचा ‘क्रिस्टोफोरुस’ हा ऑपेरा रद्द झाला. तो पुढे तिथेच 1978 मध्ये झाला. डिसेंबर 1933 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि 21 मार्च 1934 ला, छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, तो गेला. 1938 मध्ये ड्युसेलडॉर्फला नाझींनी ‘भ्रष्ट संगीत’ म्हणून जे प्रदर्शन मांडलं, त्यात त्याचंही नाव होतं. रुची बदलली तर तीस वर्षांनी ती परत फिरू शकते. पण बंदी आली की प्रती कपाटात जातात, ज्यांनी त्या भूमिका गायल्या ते गायक पांगतात, आणि कोणता थर जवळ आणि कोणता लांब हे शिकवणारा माणूस तालमीच्या खोलीत उरत नाही. युद्धानंतर 1964 मध्ये कासेलला हा ऑपेरा पुन्हा उभा राहिला. व्हिएन्ना, बर्लिन, झुरिच अशी मोठी ऑपेरागृहं नव्वदच्या दशकापासून पुढे त्याच्याकडे वळली. तेव्हा “लोक विसरले” म्हणताना त्यातलं किती विसरणं आणि किती विसरायला लावणं, हे वेगळं करून बघा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती, की हे आवडलं तर पुढे काय ऐकू. श्रेकरचीच 1916 मधली ‘चेंबर सिंफनी’ घ्या. तेवीस वाद्यं, पंचवीसेक मिनिटं, एकही गायक नाही. त्यात हार्प, चेलेस्टा आणि पियानोच्या शेजारी हार्मोनियम बसलेला आहे, आपली हातपेटी नव्हे, तर पायाने भाता मारायचा, आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनचा सख्खा भाऊ. तुम्ही नाट्यसंगीतावर वाढलात म्हणता, तर तो आवाज तुम्ही इतर कुणाच्याही आधी ओळखाल. ऑपेराच हवा असेल तर अलेक्झांडर झेमलिन्स्कीचा ‘आइने फ्लोरेंटिनिशे ट्रागोएडिए’, 1917 चा, एकच अंक, तासाच्या आत, तीनच पात्रं. त्याच झेमलिन्स्कीची ‘लिरिकल सिंफनी’ रवींद्रनाथांच्या कवितांच्या जर्मन भाषांतरावर बांधलेली आहे, सोप्रानो आणि बॅरिटोन आलटून पालटून गातात. पहिल्याच गाण्यात कवी दूरच्या गोष्टींसाठी आसुसलेला आहे. फ्रिट्झच्या शेजारी त्याला बसवून बघा.

पण आधी ते रात्रसंगीत. हेडफोन लावून, एकदाच. आणि पाच मिनिटांनी मान वळवून मागे कोण वाजवतंय ते बघावंसं वाटलं तर मला कळवा.